निरोधी ग्राही, प्रतिरक्षा कोशिकांवरील

रोगप्रतिकार करणाऱ्या श्वेत कोशिकांच्या पृष्ठभागावर असलेल्या आणि त्या कोशिकांच्या क्रियेला आवर घालणाऱ्या प्रथिनांना निरोधी ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे कोशिकेबाहेरील विशिष्ट रेणूशी बद्ध होऊन त्याची वार्ता कोशिकेच्या अंतर्भागात पोहोचविणारे प्रथिन होय. बहुतेक निरोधी ग्राहींचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या अंगी स्वतःची अशी कोणतीही रासायनिक क्रियाशक्ती नसते. बाहेरचा रेणू चिकटल्यावर ते कोशिकाद्रव्यातील ठराविक प्रथिनांना आपल्याजवळ ओढून घेतात आणि आवर घालण्याचे प्रत्यक्ष काम ही सहप्रथिने करतात. ही कामाची वाटणी मुख्यत्वे १९९० नंतरच्या दशकात उलगडली. तिच्या ज्ञानाने कर्करोगावरील उपचारांची एक नवी शाखा पुढे आली. हे उपचार अतिशय महाग असल्यामुळे ग्राही अडविण्यास औषध किती पुरते, हा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा ठरला आणि त्याचा पाठपुरावा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला.

आवश्यकता : प्रतिरक्षा तंत्र जितके प्रबळ, तितके शरीर सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे; तो अपुरा आहे. पेनिसिलिनाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले आणि हे औषध देशातील सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येऊ लागले. बहुतेकांना ते निर्धोक असले, तरी मोजक्या व्यक्तींमध्ये त्याच्या अंतःक्षेपणानंतर काही मिनिटांतच श्वासनलिका आकुंचन पावतात, रक्तदाब कोसळतो व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. येथे घात पेनिसिलीन करीत नाही. पूर्वी तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे ऊतकांतील मास्ट कोशिका एकाएकी उद्दीपित होऊन हिस्टामिनासारखी द्रव्ये बाहेर टाकतात व त्यांमुळे हा अनर्थ होतो. म्हणजेच संरक्षक यंत्रणेचा अनावर उद्रेक हा रोगाइतकाच घातक असतो. आमवातसदृश संधिशोथ, पसरणारा रक्तिम चर्मक्षय (ल्यूपस) यांसारख्या आत्मप्रतिरक्षा विकारांत तर ही यंत्रणा शरीराच्या स्वतःच्याच ऊतकांवर उलटते. म्हणून प्रतिरक्षा कोशिकेत चेतविणाऱ्या ग्राहींबरोबरच आवरणारे ग्राहीही असणे अपरिहार्य आहे.

निरोधी ग्राहींची कल्पना येण्यास वाहनाच्या ब्रेकची तुलना उपयुक्त आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत तयार होणाऱ्या कोणत्याही मोटारीत चालकाच्या पायाखालचा दांडा चाकाला स्पर्शही करीत नाही. दांड्यावरील दाब नळीतील द्रवामार्फत चाकाशी पोहोचतो व तेथील घर्षणपट्ट्या चाक थांबवितात. पट्ट्या नसतील, तर दांडा कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. निरोधी ग्राही हा असा दांडा असून सहप्रथिने या घर्षणपट्ट्या होत. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. मोटारीत पट्ट्या चाकाशी कायमच्या बसविलेल्या असतात. कोशिकेत त्या गरज पडेल तेव्हा आणि गरज असेल त्या ठिकाणीच आणल्या जातात.

पूर्वेतिहास : प्रतिरक्षा प्रतिसाद स्वतःलाच आवर घालतो, हे ग्राहींचा शोध लागण्यापूर्वीच लक्षात आले होते. १९६८ मध्ये क्लॉडिया हेन्री व नील्स येर्ने यांनी असे दाखविले की, प्रतिजनाबरोबर त्याविरुद्धचे जी-प्रकारचे प्रतिपिंड टोचल्यास प्राण्यातील नव्या प्रतिपिंडांची निर्मिती मंदावते. प्रतिपिंड पुरेसे झाल्याची वार्ता ते तयार करणाऱ्या बी लसीका कोशिकांना कोठून तरी मिळत होती. पुढे ही वार्ता प्रतिपिंडाच्या शेपटाकडील भागाशी (एफसी भागाशी) बद्ध होणाऱ्या ग्राहीमार्फत पोहोचते, हे स्पष्ट झाले. हा ग्राही एकटाच उद्दीपित झाल्यास विशेष काही घडत नाही. तो व बी कोशिकेचा प्रतिजन-ग्राही एकाच वेळी जवळ आणले गेले, तरच कोशिका थंडावते, असेही दिसून आले. आवर घालण्यासाठी सान्निध्य लागते, हे यातून प्रथम सूचित झाले.

दुसरा धागा नैसर्गिक मारक कोशिकांच्या अभ्यासातून आला. या कोशिका विषाणुग्रस्त व कर्करोगी कोशिकांना ठार करतात. परंतु निरोगी कोशिकांना त्या का सोडून देतात, हे कोडे होते. स्टॉकहोम येथील क्लास केरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचे अनपेक्षित उत्तर दिले. मारक कोशिका परकेपणाची खूण शोधीत नाहीत, तर आपलेपणाची खूण हरवलेली कोशिका हेरतात. ही खूण म्हणजे जवळजवळ सर्व निरोगी कोशिकांवर असलेली पहिल्या वर्गाची ऊतकसुसंगती प्रथिने होत. ती ज्या अर्बुद-कोशिकांवर नव्हती, त्या उंदरांच्या शरीरातून नाहीशा झाल्या. ज्यांवर ती होती, त्या वाढल्या. याचा अर्थ ही खूण ओळखून मारक कोशिकेचा हात आवरणारा ग्राही असला पाहिजे. उंदरातील असा ग्राही १९९२ मध्ये वेन योकोयामा यांच्या गटाने दाखवून दिला व १९९५ मध्ये मानवी मारक कोशिकांवरील तत्सम ग्राहींची जनुके वेगळी करण्यात आली.

निरोधी क्रम : चेतविणाऱ्या ग्राहींच्या शेपटांत टायरोसीन या अमिनो अम्लाचा ठराविक अंतराने दोनदा येणारा एक क्रम असतो, असे जर्मन शास्त्रज्ञ मिखाएल रेट यांनी १९८९ मध्ये निदर्शनास आणले होते. १९९४ मध्ये जेफ्री रॅवेच, तोमोहिरो कुरोसाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बी कोशिकेवरील निरोधी एफसी ग्राहीच्या शेपटातील केवळ १३ अमिनो अम्लांचा तुकडा आवर घालण्यास आवश्यक असून त्यातील एकच टायरोसीन निर्णायक आहे, हे सिद्ध केले. ते टायरोसीन बदलताच ग्राही निष्प्रभ झाला. मारक कोशिकांच्या ग्राहींतही तसाच क्रम आढळला. या क्रमास टायरोसीनाधिष्ठित निरोधी क्रम (आयटीआयएम) असे नाव रूढ झाले. त्यात टायरोसिनाच्या अलीकडे दुसऱ्या व पलीकडे तिसऱ्या स्थानी बहुधा जलविरोधी अमिनो अम्ल असते. १९९५ मध्ये मार्क दाएराँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच ग्राही मास्ट कोशिकांनाही आवरू शकतो, असे दाखविल्यामुळे ॲलर्जीच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली.

ग्राही विश्रांत अवस्थेत असताना हे टायरोसीन निष्क्रिय असते. चेतविणारा ग्राही उद्दीपित झाला की, त्याच्याजवळ कायनेज (फॉस्फेट गट जोडणारी) एंझाइमे गोळा होतात. निरोधी ग्राही त्याच जागी असेल, तर ही एंझाइमे त्याच्याही टायरोसिनावर फॉस्फेट गट बसवितात. चेतना देणारे एंझाइमच अशा रीतीने आवराचीही खूण करून ठेवते. त्यामुळे जेथे चेतना तेथेच आवर, असे नियमन साध्य होते व कोशिकेच्या इतर भागांतील व्यवहार अबाधित राहतात.

सहप्रथिने : फॉस्फेटयुक्त टायरोसीन ओळखून त्याला चिकटणारा एसएच२ नावाचा विभाग अनेक प्रथिनांत असतो. निरोधी क्रमाला चिकटणारी अशी प्रमुख प्रथिने तीन आहेत. एसएचपी-१ व एसएचपी-२ ही एंझाइमे इतर प्रथिनांच्या टायरोसिनांवरील फॉस्फेट गट काढून टाकतात व त्यामुळे चेतनेची साखळी सुरुवातीलाच तुटते. तिसरे एसएचआयपी हे प्रथिनांवर कार्य न करता कोशिकापटलाच्या आतील बाजूस असलेल्या एका मेदी रेणूवरील फॉस्फेट गट काढते. चेतनेचे पुढचे वाहक ज्याला धरून पटलाशी उभे राहतात, तो आधारच नाहीसा झाल्याने कोशिकेत कॅल्शियमाचा ओघ टिकत नाही व प्रतिसाद विरतो. १९९६ च्या सुमारास या वाटण्या स्पष्ट झाल्या. मारक कोशिकांचे ग्राही मुख्यत्वे एसएचपी-१ चा उपयोग करतात, तर बी व मास्ट कोशिकांवरील निरोधी एफसी ग्राही मुख्यत्वे एसएचआयपीचा.

सहप्रथिन नसेल तर काय होते, याचा पुरावा निसर्गाने आधीच ठेवला होता. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९७५ मध्ये एका उत्परिवर्ती उंदराचे वर्णन प्रसिद्ध झाले. कसर लागलेल्या लोकरी कापडाप्रमाणे त्याच्या अंगावरील केस ठिकठिकाणी गेलेले असत. अशी पिल्ले जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत फुप्फुसाच्या तीव्र शोथाने मरत; कोणताही जंतू त्यास कारण नव्हता. १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, या उंदरांत एसएचपी-१ चे जनुक सदोष असते. ग्राही जागच्या जागी असूनही त्यांच्या मागे काम करणारे प्रथिन नसल्याने श्वेत कोशिका अनावर झाल्या होत्या.

ही एंझाइमे एरवी मोकाट का सुटत नाहीत, याचा उलगडा १९९८ मध्ये एसएचपी-२ ची स्फटिकरचना निश्चित झाल्यावर झाला. या प्रथिनात एसएच२ विभाग दोन असून पहिला विभाग एंझाइमाच्याच क्रियास्थानात बुचासारखा बसलेला असतो. हे विभाग ग्राहीवरील फॉस्फेटयुक्त टायरोसिनाला चिकटले की, बूच निघते व एंझाइम कार्यक्षम होते. ग्राही सहप्रथिनाला केवळ जागा दाखवीत नाही, तर त्याला जागेही करतो.

सहप्रथिनांवर ग्राहीचा स्वभाव किती अवलंबून असतो, हे मारक कोशिकांतील आणखी एका उदाहरणावरून दिसते. त्यांच्या निरोधी ग्राहींसारखाच बाह्यभाग असलेले, परंतु आखूड शेपटाचे काही ग्राही आढळतात. त्यांत निरोधी क्रम नसतो. ते डीएपी१२ या चेतनादायी क्रम असलेल्या सहप्रथिनाशी जोडलेले असतात. परिणामी तशीच बाह्य रचना असूनही ते कोशिकेला आवरण्याऐवजी चेतवितात. एसएचपी-२ सुद्धा शरीरातील अनेक कोशिकांत वाढीला साहाय्य करते. तेव्हा सहप्रथिनाचे कार्य काय, हे ते कोठे व कोणाजवळ आहे यावर ठरते.

पीडी-१ व सीटीएलए-४ : टी लसीका कोशिकांवरील पीडी-१ हा ग्राही क्योटो येथील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. कोशिकांच्या पूर्वनियोजित मृत्यूशी संबंधित जनुके शोधीत असताना तो हाती लागल्याने त्यास तसे नाव मिळाले; त्याचे खरे कार्य नंतर कळले. १९९९ मध्ये हा ग्राही नसलेल्या उंदरांत ल्यूपससारखा विकार उद्भवल्याचे दिसून आले. २००१ मध्ये त्याच्या शेपटातील टायरोसिनाला एसएचपी-२ चिकटते, हे होंजो यांच्या गटाने सिद्ध केले. या ग्राहीशी बद्ध होणारे प्रथिन कित्येक कर्करोगी कोशिका आपल्या पृष्ठभागावर मिरवितात. टी कोशिका त्यांच्याजवळ येताच तिचा पीडी-१ दाबला जातो आणि ती निष्प्रभ होते. ज्या यंत्रणेने शरीराचे रक्षण व्हावे, तिच्याच आडोशाला अर्बुद वाढते.

सीटीएलए-४ हा ग्राही १९८७ मध्ये फ्रान्समध्ये सापडला. तो टी कोशिकांना आवरतो, असे १९९४-९५ मधील प्रयोगांनी ठरले व त्याच्या अभावी उंदीर तीन ते चार आठवड्यांत मरतात, हेही दिसून आले. १९९६ मध्ये जेम्स ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्धचे प्रतिपिंड टोचून उंदरांतील अर्बुदे नाहीशी केली. मात्र सहप्रथिनांचा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही, याचे हा ग्राही उदाहरण आहे. टी कोशिकेला चेतना देणारी प्रथिने दुसऱ्या कोशिकेच्या पृष्ठभागावरून ओढून गिळून टाकणे, हे त्याच्या कार्याचे एक मुख्य अंग असल्याचे २०११ मध्ये आढळले. ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पीडी-१ च्या बाबतीतही सर्व काही निश्चित झालेले नाही. २०१७ मध्ये रोनाल्ड व्हेल यांच्या गटाने कृत्रिम पटलावर घटक जुळवून असे दाखविले की, एसएचपी-२ मुख्यतः प्रतिजन-ग्राहीवर नव्हे, तर सीडी२८ या साहाय्यक ग्राहीवर कार्य करते. दुसऱ्या बाजूस, टी कोशिकांत एसएचपी-२ मुळीच नसलेल्या उंदरांतही पीडी-१ विरोधी उपचार लागू पडतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका सहप्रथिनाच्या अभावी एसएचपी-१ किंवा अन्य प्रथिन त्याची जागा घेत असावे, असे मानले जाते.

औषधे व त्यांची मात्रा : सीटीएलए-४ विरोधी इपिलिमुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०११ मध्ये व पीडी-१ विरोधी निव्होलुमॅब जपान व अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले. ही प्रतिपिंडे कर्करोगी कोशिकेला स्वतः मारीत नाहीत. निव्होलुमॅब पीडी-१ च्या बाह्यभागावर बसून अर्बुदावरील प्रथिनाला तेथे चिकटू देत नाही. परिणामी शेपटावर फॉस्फेट गट बसत नाही, सहप्रथिन येत नाही व टी कोशिका मोकळी होते. आवर सुटल्यावर ती कधीकधी आतडे, फुप्फुसे, अवटू ग्रंथी यांनाही इजा करते. या ग्राहींचे मूळ प्रयोजन काय, हे त्या दुष्परिणामांवरूनही स्पष्ट होते.

या क्रियातंत्राचा एक व्यावहारिक अर्थ आहे. एकदा ग्राहींची बहुतेक जागा व्यापली गेली की, अधिक औषधाने अधिक परिणाम होण्याचे कारण उरत नाही. निव्होलुमॅबाच्या प्रारंभीच्या मानवी चाचण्यांतच असे आढळले होते की, मात्रा शरीरभाराच्या दर किग्रॅ.ला ०·१ मिग्रॅ. असो वा १० मिग्रॅ., रक्तातील टी कोशिकांवरील सुमारे दोन तृतीयांश पीडी-१ रेणू व्यापले जातात. तरीही प्रचारात आलेली मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिग्रॅ. अशी मोठी होती व उपचाराचा खर्च तिच्या प्रमाणात होता. भारतासारख्या देशांत प्रगत अवस्थेतील डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी जेमतेम १ ते ३ टक्क्यांनाच असे मान्यताप्राप्त उपचार मिळू शकतात. तंबाखूच्या व्यसनामुळे हा कर्करोग येथे मोठ्या प्रमाणावर आढळतो, ही गोष्ट लक्षात घेता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

औषध ज्ञात आहे, पण ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण महाराष्ट्राला नवी नव्हती. पेनिसिलिनाच्या बाबतीत ती पिंपरीच्या कारखान्याने दूर केली. युनिसेफने दिलेली यंत्रसामग्री व जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य घेऊन उभारलेला हा कारखाना पुढे संशोधनाचेही केंद्र झाला. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे शोधलेले हॅमायसीन हे कवकनाशक ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना या नावात पिंपरीचे नाव आहे. प्रतिपिंडांची निर्मिती मात्र बुरशीच्या किण्वनाहून पुष्कळच अवघड आहे. त्यासाठी सस्तन प्राण्यांच्या, बहुधा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातील कोशिका निर्जंतुक टाक्यांत वाढवाव्या लागतात. अशी एककृंतक प्रतिपिंडे तयार करणारी एंझीन बायोसायन्सेस ही कंपनी चाकण औद्योगिक क्षेत्रात आहे. तिने विकसित केलेले सेटुक्झिमॅब डोके व मान यांच्या कर्करोगावर वापरतात. पण ते निरोधी ग्राहीवर नव्हे, तर कर्करोगी कोशिकेवरील वाढीच्या ग्राहीवर कार्य करते.

देशात निर्मिती हा खर्च कमी करण्याचा एक मार्ग होय. मात्रा कमी करणे हा दुसरा. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग चोखाळला. त्यांच्या चाचणीत १५१ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. ७५ जणांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे अल्प मात्रेत देण्यात आली; ७६ जणांना त्यांच्या जोडीस दर तीन आठवड्यांनी २० मिग्रॅ. निव्होलुमॅब दिले. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या सुमारे एक अष्टादशांश असून ४० मिग्रॅ.च्या एका कुपीत दोन रुग्णांची गरज भागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६·३ टक्के, तर दुसऱ्यात ४३·४ टक्के होते. मध्यम आयुर्मर्यादा ६·७ महिन्यांवरून १०·१ महिन्यांवर गेली. तीव्र दुष्परिणामांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अल्प मात्रेची तुलना येथे पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती. त्यामुळे दोन्ही मात्रा तुल्यबळ आहेत, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. अर्बुदाच्या आतील ग्राही रक्तातील ग्राहींइतकेच व्यापले जातात की नाही, हाही वेगळा प्रश्न आहे. परंतु ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा मिळण्याची शक्यताच नसते, त्याच्यापुढील पर्याय अल्प मात्रा की पूर्ण मात्रा असा नसून अल्प मात्रा की काहीच नाही असा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर या चाचणीने दिले. उंदरांच्या एका रोगट वाणातून व ग्राहीच्या शेपटातील एका टायरोसिनातून मिळालेले ज्ञान अशा प्रकारे सामान्य रुग्णाच्या उपयोगी पडले.